शब्द पुढे पाठविण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर शिक्षिका भगिनी बसल्या आहेत, समोर कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार, असे कोणालाही वाटेल. शिवाय विषय दिला आहे तो असा : ‘समाजमाध्यमांचा कामात व सार्वजनिक जीवनात विचारपूर्वक उपयोग’. नाव मोठे भारदस्त आहे. परंतु ही समाजमाध्यमे म्हणजे काय? तर आपल्या पिशवीत, ओट्यावर, उशाशी असलेल्या फोनमधले व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम. ती आता शिकलेल्यांचीच राहिली नाहीत. भात लावताना बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन गुंडाळून ठेवणारी बाईदेखील ती वापरते. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार तिलाही आहे आणि म्हणून मलाही आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगते. फोन वाईट, त्याने मुले बिघडली, बायका बिघडल्या, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या महाड-पोलादपूरच्या घरांची रचनाच पाहा. अर्धे घर इथे आणि अर्धे मुंबईत. नवरा, दीर, मुलगा चाकरीला. सासूबाई, शेत आणि गुरे इथे. पूर्वी चाकरमान्याचे पत्र आले म्हणजे साऱ्या वाडीत कळे. मी शाळेत असताना कित्येक आज्या आणि काकू मला बोलावून पत्र लिहून घेत. आता वाकणच्या डोंगरातली सासू मुंबईत जन्मलेल्या नातवाचे तोंड त्याच दिवशी पाहते. हे सुख लहान आहे काय?

आणि कामाचे म्हणाल, तर बचत गटांच्या भगिनींना विचारा. नाचणीचे पापड, कुळथाचे पीठ, आमसुले, आंबापोळी हे आपण पूर्वीही करीत होतो. परंतु ते विकावयाचे कोठे? ओळखीच्या चार घरी, नाहीतर बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला. आज आपल्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या गटावर एक फोटो टाकला, तर गणपतीला गावी येणारी माणसे आधीच मागणी नोंदवितात. माल घरबसल्या जातो, पैसे खात्यात जमा होतात, आणि ते बाईच्या स्वतःच्या नावाने होतात. ज्या साधनाने बाईच्या हातात स्वतःचा पैसा दिला, त्याला नावे कशी ठेवावीत?

तर मग अडचण कोठे आहे? मला वाटते, ती शब्दाच्या किमतीत आहे.

पूर्वी तार करावयाची म्हणजे शब्द मोजून पैसे पडत. म्हणून माणसे तारेत एक शब्द जास्त घालीत नसत. तार आली की वाडीवर आधी रडारड होई, मग ती वाचली जाई. कारण उगीच कोणी तार करीत नाही हे सर्वांना ठाऊक होते. ती तारसेवा २०१३ सालच्या जुलैत कायमची बंद झाली. पत्राचेही तसेच. मी पत्र लिहून दिले की आज्या म्हणत, “आता वाचून दाखव.” वाचून झाल्यावर एखादी म्हणे, “ते सुनेचं काढ गं, पोराला तिकडं वाईट वाटंल.” आणि ते वाक्य खोडले जाई. लिहिता न येणाऱ्या त्या बाईला जी गोष्ट कळत होती, ती आज सराईतपणे अंगठा चालविणाऱ्यांना कळत नाही. पाठविण्यापूर्वी एकदा वाचावे, आणि ज्याला ते पोहोचणार त्याच्या मनाचा विचार करावा, एवढीच ती गोष्ट.

आता शब्द फुकट झाला. एका बोटाने शंभर माणसांना पाठविता येतो. परंतु भगिनींनो, शब्द फुकट झाला म्हणून त्याची किंमत संपली नाही. पाठविणाऱ्याला ती पडेनाशी झाली, इतकेच. ती आता दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. आज मला हीच एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि तिच्यासाठी मी दोन-तीन घडलेल्या हकिगती सांगणार आहे.

पहिली हकिगत आपल्या महाडचीच आहे, आणि तेव्हा फोन नव्हते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. माणसे शांतपणे गेली आणि शांतपणे मंडपात परत आली. त्यानंतर गावात एक अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काहीही ठरलेले नव्हते. तरीही त्या एका वाक्यावर जमाव लाठ्याकाठ्या घेऊन निघाला, आणि मंडपात जेवत असलेल्या व परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर तुटून पडला. अन्न मातीत मिळाले, डोकी फुटली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

विचार करा, ही अफवा एवढ्या थोड्या वेळात साऱ्या गावात कशी पोहोचली? ना फोन, ना इंटरनेट. मला वाटते, अफवेला यंत्र लागत नाही. तिला तयार कान लागतात. ज्यांच्या मनात राग आधीच भरलेला होता, त्यांना तपास करावासा वाटला नाही. देऊळ तर गावातच होते! दोन माणसे जाऊन पाहून आली असती तरी खरे काय ते कळले असते. पण जे ऐकावयाची इच्छा असते, ते खरे आहे की नाही हे पाहावयास कोणी जात नाही. आजही कोणत्या तरी जातीविरुद्ध वा धर्माविरुद्ध मजकूर आला, आणि वाचताक्षणी आपल्याला “मी म्हणतच होते!” असे वाटले, तर त्याच क्षणी सावध व्हावे. त्या वेळी आपले कान तयार झालेले असतात.

ह्या हकिगतीचा दुसरा भागही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मार खाल्लेली माणसे संख्येने मोठी होती, त्यांनाही उलटून मारता आले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मग त्यांनी काय केले? ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महिनाही उलटला नव्हता तोच, ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू केले. खोट्या शब्दाला उत्तर म्हणून त्यांनी आपला शब्द छापला, खाली नाव घातले, आणि जे घडले ते लोकांपुढे मांडले. तळ्याचा दावा कोर्टात चालविला. तो नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. अफवेला नाव नसते, तारीख नसते, जबाबदारी नसते. खऱ्या सार्वजनिक शब्दाला ह्या तिन्ही गोष्टी असतात. चवदार तळ्याच्या गावी राहणाऱ्या आपण बायकांनी हा फरक कधी विसरू नये.

दुसरी हकिगत धुळे जिल्ह्यातली. साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा तिथला आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत गावोगाव फोनवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे सोलापूर जिल्ह्याच्या बाजूने तिकडे आलेली होती. मुले पळविणारी ती हीच, असा कोणी तरी संशय घेतला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने इतके मारले, की पाचही जण मेले. त्यांचा काहीही अपराध नव्हता.

भगिनींनो, दारात आलेल्या गोसाव्याला पसाभर तांदूळ घालणाऱ्या आपण. ती पाच माणसे कोणाचे वडील होती, कोणाचे नवरे होते. ज्यांनी तो निरोप पुढे पाठविला, त्यांत कित्येक आयाच असतील. पोरांच्या काळजीनेच त्यांनी पाठविला असेल. “खरे असो वा नसो, सावध केलेले बरे,” असेही मनात म्हटले असेल. हे वाक्य मला फार घातक वाटते. शंभर माणसांना खोटी भीती घातली, तर त्यांतल्या एखाद्याच्या हातात काठी असते.

त्या वर्षी देशात अशा कित्येक घटना घडल्या. तेव्हा व्हॉट्सॲपच्या कंपनीला जाग आली. २०१८ च्या जुलैत भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे त्यांनी केले. २०२० साली, जो निरोप आधीच पुष्कळ हातांतून फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे बंधन घातले. अशा निरोपावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की समजावे, हे आपल्या माणसाने लिहिलेले नाही. तो फक्त हमाल आहे. “माझ्या भावाने पाठविले म्हणून खरे” असे म्हणण्यात अर्थ नाही. भाऊ खरा असतो, निरोप खरा असेलच असे नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. पावसाळा म्हटला की महाडकरांचे अर्धे लक्ष सावित्रीकडे असते. २००५ सालच्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ह्या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा आपल्यापैकी फार थोड्या घरी फोन होते. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पाणी भरले आणि तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या हाती फोन होता. पण त्याचा काय उपयोग झाला? वीज गेलेली, टॉवर बंद पडलेले, रस्ते पाण्याखाली नाहीतर दरडीखाली. तळियेला बाहेरची मोठी मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ८० हून अधिक माणसे तेथे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडीने माणसे नेली. ही जखम अजून ओली आहे, म्हणून मी जास्त बोलत नाही. परंतु त्या दिवसांनी ह्या विषयात जे शिकविले, ते सांगितले पाहिजे.

पहिले हे, की अडचणीच्या वेळी फोनची ताकद थोडी असते आणि ती पुरवून वापरावी लागते. रेंज मिणमिणती असते तेव्हा व्हिडिओ जात नाही, पण चार शब्दांचा साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो. म्हणून त्या वेळी पुराचे चित्रण करून पाठवीत बसणे म्हणजे कंदिलातले रॉकेल पायरीवर ओतण्यासारखे आहे.

दुसरे, मदतीचा निरोप कसा लिहावा. “आमच्या गावाला वाचवा, सर्वांनी शेअर करा” एवढ्याने कोणी वाचत नाही. गाव, वाडी, कोणत्या घराजवळ, माणसे किती, त्यांत लहान मुले, गरोदर बाई वा आजारी माणूस आहे काय, काय हवे आहे, कोणाचा फोन चालू आहे, आणि तारीख व वेळ हे सर्व लिहावे. वेळ नसलेला निरोप चार दिवसांनीही “आत्ताचा” म्हणून फिरत राहतो. आणि मदत पोहोचली, की ज्यांना ज्यांना निरोप पाठविला त्यांना “मदत मिळाली, आता कोणी येऊ नये” असे आपणच कळवावे. नाहीतर एका वाडीवर तांदळाच्या पाच गाड्या जातात आणि पलीकडच्या वाडीवर एकही जात नाही.

तिसरे, निरोप किती जणांना गेला ह्यापेक्षा कोणाला गेला हे महत्त्वाचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहने माणसांसकट नदीत गेली. त्या अंधारात पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराच्या लक्षात आले, की गाड्यांचे दिवे पुलावर येतात आणि नाहीसे होतात. त्या गॅरेजच्या माणसांनी येणारी वाहने थांबविली आणि पोलिसांना कळविले. त्यांनी पाचशे माणसांना निरोप धाडला नाही. ज्याला कळविल्याने काही होईल त्याला कळविले, आणि स्वतः रस्त्यावर उभे राहिले. त्यामुळे पुढच्या गाड्या वाचल्या. म्हणून प्रत्येकीने ११२ हा आणीबाणीचा आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक फोनमध्ये तर ठेवावाच, पण भिंतीवरही लिहून ठेवावा. फोन बंद पडला की त्यातले क्रमांकही बंद पडतात.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. पुरानंतर मदत आली. फार ठिकाणांहून आली, आणि देणाऱ्यांचे उपकार आपण विसरणार नाही. पण काही जण अशी मदत देताना फोटो काढतात. साडी घेणारी बाई, तांदळाची पिशवी घेणारी म्हातारी, आणि देणारे आठ जण हसत उभे. ते फोटो फेसबुकावर जातात. ज्या बाईने चिखलात घर गेलेले पाहिले, जिने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, तिचा तो हात साऱ्या जगाने पाहावयाचा? तिची मुलगी लग्नाची असेल, मुलगा मुंबईत नोकरीला असेल. त्यांना तो फोटो कोणी तरी दाखवितोच. हिशेबासाठी फोटो लागतो, हे मला समजते. मग मालाचा काढावा, गाडीचा काढावा, सहीच्या यादीचा काढावा. घेणाऱ्याचे तोंड कशाला? आपल्या मंडळानेही ह्यापुढे काही वाटप केले, तर विचारल्याशिवाय घेणाऱ्या बाईचा फोटो काढू नये, आणि तिने नको म्हटले तर पुन्हा विचारू नये, अशी माझी सूचना आहे.

आता सार्वजनिक कामाकडे वळते. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांना राखून ठेवल्या आहेत. आपल्यातल्या कित्येक जणी सरपंच आणि सदस्य झाल्या. परंतु गावाच्या गटावर पाहावे, तर सरपंचबाईंच्या नावापुढे फोन असतो तो त्यांच्या यजमानांचा! बाईला काय हवे ते यजमान लिहितात, आणि बाईला काय विचारले तेही यजमानच वाचतात. माझी ह्या भगिनींना विनंती आहे, की फोन स्वतःचा असू द्या. मोडके तोडके का होईना, स्वतः लिहा. लिहिता येत नसेल तर बोलून निरोप पाठविता येतो. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कोणत्या तारखेला, कोणत्या योजनेचा कागद कोणाकडे द्यावयाचा, एवढे जरी सरपंचबाईंच्या आवाजात वाडीवाडीला गेले, तरी गाव तिला ओळखू लागेल.

तक्रार करावयाची असेल तर जरूर करा. रस्त्याला खड्डा पडला, नळाला गढूळ पाणी आले, तर त्याचा फोटो तारीख-वेळेसह काढा आणि ज्या कार्यालयाचे ते काम आहे तेथे लेखी अर्जाबरोबर द्या. मग गटावर टाका. खड्ड्याबद्दल लिहावे, अधिकाऱ्याच्या आईबहिणीबद्दल लिहू नये. शिवी वाचणाऱ्याला खड्डा दिसत नाही, शिवीच दिसते.

काही भगिनी म्हणतील, इतके जपून वागावयाचे तर गप्पच बसलेले बरे. तसे मुळीच नाही. आपल्याच कोकणपट्टीत, पालघरला, २०१२ च्या नोव्हेंबरात दोन मुलींना पोलिसांनी पकडले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एकीने फेसबुकावर आपले मत लिहिले आणि दुसरीने ते पसंत केले, एवढेच घडले होते. ह्यावर श्रेया सिंघल ह्या तरुण मुलीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलमच रद्द केले. म्हणजे मत मांडण्याचा आपला अधिकार पक्का आहे. मात्र मत निराळे आणि खोटी बातमी निराळी. अफवा पसरवून समाजात भीती वा वैर पेटविणे हा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणेही गुन्हाच आहे.

ज्या भगिनी गटाच्या ॲडमिन आहेत, त्या फार भितात. त्यांच्यासाठी सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली निकाल दिला, की दुसऱ्या सभासदाने काही आक्षेपार्ह टाकले, तर केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून तिला गुन्हेगार धरता येत नाही. तिचा त्या कृत्यात हात असला पाहिजे. कायद्याने सुटका झाली. परंतु घरमालकिणीच्या पडवीत कोणी घाण टाकली, तर ती आपली नव्हे म्हणून ती तशीच ठेवते काय? तसा मजकूर काढून टाकावा, आणि टाकणाऱ्याला एकांतात समजावून सांगावे.

विक्रीच्या कामाबद्दल थोडेसे. फोटो आपल्याच मालाचा असावा, दुसऱ्याचा सुंदर दिसतो म्हणून उचलू नये. वजन, किंमत आणि केव्हा केला ती तारीख स्पष्ट लिहावी. ह्या वर्षी कोकम कमी उतरले, तर तसे सांगावे. गिऱ्हाईक रागावत नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा येते. पैशाच्या बाबतीत एकच सूत्र पाठ करा : पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. “मी तुम्हाला पैसे पाठवितो, पिन टाका” असे जो म्हणतो, तो पैसे न्यावयास आलेला असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. पोलीस वा न्यायाधीश म्हणवून कोणी व्हिडिओवर दरडावले, “तुम्हाला फोनवरच अटक केली आहे” असे म्हटले, तर फोन ठेवून द्यावा. तशी अटक कायद्यात नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितका पैसा अडवून धरण्याचा संभव अधिक. घरचे रागावतील म्हणून बाई दोन दिवस बोलत नाही, आणि त्या दोन दिवसांत पैसा पसार होतो. म्हणून घरच्यांनाही विनंती, की तिला आधी बोल लावू नका. आधी फोन लावा.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना मांडते. एक : मंडळाच्या गटावर कोणताही निरोप पुढे पाठविण्यापूर्वी प्रत्येकीने मनाशी विचारावे, की हे कोणी सांगितले, केव्हाचे आहे, कोठले आहे, आणि हे खोटे ठरले तर त्याची किंमत कोण मोजील? चारांचे उत्तर मिळाले नाही, तर निरोप आपल्यापाशीच थांबवावा. थांबविणे हेही एक काम आहे. कोणी हार घालीत नाही, पण त्याने एखाद्याचा जीव वाचतो. दोन : पावसाळ्यापूर्वी दर वर्षी एक बैठक घेऊन, कोणत्या वाडीची बातमी कोणी द्यावयाची आणि ती तहसील कार्यालयात कोणी कळवावयाची, ह्याची नावे ठरवावीत. तीन : ज्यांना वाचता येत नाही अशा वयस्क भगिनींना ऐकण्या-बोलण्याचे निरोप आणि पैशाचे व्यवहार शिकविण्याचे काम आपल्या कॉलेजच्या मुलींनी अंगावर घ्यावे. पूर्वी आम्ही आज्यांची पत्रे लिहून देत होतो. आता मुलींनी आज्यांना स्वतःचे पत्र स्वतः बोलावयास शिकवावे.

आपण बायकांना गप्पिष्ट म्हणतात. चूल पेटायच्या आत बातमी गावभर होते ती बायकांमुळे, असे टोमणे आपण पुष्कळ ऐकले. राईनपाड्याचा निरोप काही केवळ बायकांनी पसरविला नव्हता, आणि १९२७ साली महाडात लाठ्या घेऊन निघालेला जमाव काही बायकांचा नव्हता. तेव्हा तो टोमणा परत करावयाचा असेल, तर भांडून होणार नाही. “बायकांच्या गटावर आले आहे ना, मग ते तपासून आले असेल,” असे गावातल्या माणसांनी म्हणावे. आपल्या मंडळाला एवढी पत मिळाली, तर ती सरकारी बक्षिसापेक्षा मोठी मानावी असे मला वाटते.